बाहेरकाठा कोणाचा?

गेल्या आठवड्यात पुतण्यानं मोबाइलवर एक जाहिरात पाठवली. अलिबागच्या आसपास 'पर्माकल्चर फार्म प्लॉट'. दहा-दहा गुंठ्यांचे तुकडे, मधोमध तळं, काठानं केळी-नारळ, मुंबईहून शनिवारी येऊन रविवारी परत. खाली लिहिलं होतं, 'जमिनीला पुन्हा जिवंत करा'. त्याखाली पुतण्याचा प्रश्न : "काका, आपली खारातली जमीन अशी कोणाला देता येईल का? नाहीतरी पडूनच आहे."

'नाहीतरी पडूनच आहे' हे वाक्य मला लागलं. ते खरं आहे म्हणून जास्त लागलं. अलिबाग तालुक्याच्या खारेपाटात आमची बत्तीस गुंठे जमीन आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका उधाणाला बाहेरचा बांध फुटला आणि तेव्हापासून तिच्यात भात नाही. सातबाऱ्यावर आमची नावं आहेत, जमिनीत समुद्राचं पाणी आहे.

पुतण्याला फोनवर दोन शब्दांत उत्तर देता आलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण रायगडच्या किनाऱ्यावर ज्यांची जमीन आहे, होती, किंवा घ्यायचा विचार आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आधी 'पर्माकल्चर' शब्दाचं बघू. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी 'पर्माकल्चर वन' नावाचं पुस्तक काढलं, तिथून हा शब्द जगभर गेला. अर्थ सोपा आहे : टिकणारी शेती. जमीन, पाणी, झाडं, जनावरं, माणसं यांची मांडणीच अशी करायची की एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल व्हावा आणि दरवर्षी बाहेरून कमीत कमी आणावं लागावं. अलीकडे 'रीजनरेटिव्ह' म्हणजे जमीन पुन्हा सुधारणारी शेती असाही शब्द चालतो. दोन्ही विचार चांगले आहेत, माझं त्यांच्याशी भांडण नाही. मॉलिसननं स्वतः कधी म्हटलं नाही की हे सगळं मी शोधलं, जुन्या समाजांकडून शिकलो असंच तो सांगायचा. माझं म्हणणं एवढंच की आपल्या जिल्ह्यात त्या जुन्या समाजांपैकी एक राहतो. तो आपणच आहोत, आणि आपलंच आपल्याला आठवत नाही.

ज्यांना खारेपाट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अंबा नदी आणि धरमतरची खाडी यांच्या दोन्ही बाजूंना, इकडे अलिबागच्या शहापूर, धेरंड, शहाबाजपासून तिकडे पेणच्या वाशी, वढाव, शिर्की, दादरपर्यंत जी सपाट जमीन दिसते, ती निसर्गानं आयती दिलेली नाही. तिथे खाजण होतं. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल, मध्ये तिवरं. आपल्या पूर्वजांनी त्यातला एक भाग मातीच्या बांधानं वेढून घेतला आणि त्याला खार म्हटलं.

पण नुसता बांध घालून भात येत नाही. पद्धत अशी. समुद्राच्या अंगाला मोठा बांध, तो बाहेरकाठा. त्याच्या आत खाचरांचे लहान बांध. बाहेरकाठ्याला ठरावीक ठिकाणी उघाडी. उघाडी म्हणजे बाहेरच्या बाजूनं झडप असलेलं दार. भरती आली की समुद्राचं पाणीच झडप दाबून दार बंद करतं. ओहोटीला बाहेरची पातळी खाली गेली की आत साठलेलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. माणूस नको, मोटर नको, वीज नको. चंद्र दार उघडतो आणि चंद्रच लावतो.

पहिली काही वर्षं पावसाचं गोडं पाणी खाचरात तुंबवायचं, मिठाला विरघळू द्यायचं, ओहोटीला सोडून द्यायचं. पुन्हा तुंबवायचं, पुन्हा सोडायचं. जमीन हळूहळू गोडी होते. तरी उन्हाळ्यात खालचं मीठ वर चढतंच, म्हणून खारातली शेती वरकस शेतीसारखी करता येत नाही. नांगर फारसा चालत नाही, खोल उकरलं तर खालचा खार वर येतो. पाऊस लागून पहिलं मीठ धुऊन गेलं की बी भिजवून, मोड आणून चिखलात फेकायचं. याला आम्ही रहू म्हणतो. बियाणंही वेगळं, रता. काळा रता, भुरा रता. लाल दाण्याचं, कुसळाचं, खाऱ्यात तग धरणारं. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं पुढे 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' या खार सोसणाऱ्या सुधारित जाती दिल्या. रत्याला उतारा कमी, पण त्याच्या भाकरीवर आणि पेजेवर आमच्या किती पिढ्या वाढल्या त्याचा हिशेब नाही.

बांधाबाहेर तिवरं ठेवायची. लाटेचा मार आधी तिवर खातो, मग बांध. म्हणून जुनी माणसं बांधालगतचं तिवर मुळापासून कधी काढत नसत. सरपणाला, कुंपणाला वरच्या फांद्या छाटत, खोड राखत. बांधाच्या आत भात. भातात पावसाळ्यात चढणारे मासे, चिंबोऱ्या. घराजवळ तळं, त्या तळ्यात जिताडा.

जिताड्यावर दोन ओळी लिहिल्याशिवाय खारेपाटातला माणूस गप्प बसणार नाही. हा मासा खाऱ्या पाण्यात जन्मतो, लहानपणी गोड्या पाण्याकडे सरकतो, गोड्यातही वाढतो. तरुणपणी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो! खाडीतून त्याची पिल्लं आणून तळ्यात सोडायची, दोन-तीन वर्षं सांभाळायची. लग्नकार्याला, आजारपणाला, पोराच्या फीला तो तळ्यातला जिताडा म्हणजे आमची मुदतठेव. आणि साहेबाच्या घरी जिताडा पोचला की अडलेला कागद पुढे सरकतो, हा विनोद रायगडात सगळ्यांना माहीत आहे. (तो सगळाच विनोद नव्हता.)

खारेपाटातून थोडं वर सरकलं की गोडी जमीन. तिथे भातानंतर ओलीवर वाल, त्याच्या शेंगांची थंडीत पोपटी. कार्ले, खंडाळे, नेहुली या बाजूला पांढरा कांदा, ज्याच्या वेण्या आज मुंबईचे लोक गाडी थांबवून घेतात आणि ज्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पश्चिमेला समुद्राच्या अंगाला, वाळूच्या पट्ट्यावर आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा आणि खाली मुरूड, श्रीवर्धनपर्यंत वाड्या. वर नारळ, त्याच्या सावलीत सुपारी, सुपारीवर चढलेली मिरी, खाली केळ, जायफळ, अळू. पाटाच्या पाण्याचा थेंब वाया नाही, पडलेली झावळी पुन्हा आळ्यातच. जाहिरातीतल्या प्लॉटच्या चित्रात नेमकं हेच काढलेलं होतं. चित्र बघून मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, काय सोन्याचे दिवस होते. थांबा. तसं मला अजिबात म्हणायचं नाही.

ही जमीन कमावली कोणी आणि खाल्ली कोणी, हा प्रश्न विचारल्याशिवाय रायगडच्या मातीचा इतिहास लिहिता येत नाही. १८८३ च्या इंग्रजी गॅझेटियरमध्येसुद्धा कुलाबा जिल्ह्याच्या खारजमिनींची आणि शिलोत्री वहिवाटीची नोंद आहे. (आपल्या जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं.) शिलोत्रीदार म्हणजे ज्यांनी पैसा लावून बाहेरकाठा घातला, ते आणि त्यांचे वारस. सरकारी धाऱ्याशिवाय कुळांकडून त्यांना वेगळं धान्य मिळायचं आणि त्या बदल्यात बाहेरकाठा त्यांनी दुरुस्त ठेवायचा, असा तो व्यवहार. कागदावर व्यवहार चोख. पण चिखलात उतरून बांध घालणारे हात आगरी, कुळवाडी, कोळी, कातकरी माणसांचे होते. त्यांचं नाव कोणत्या कागदावर नव्हतं.

पुढे खोत-सावकारांच्या कबुलायती आल्या. जमीन सुधारायची, बांध सांभाळायचे, राबायचं कुळानं, आणि पिकल्यावर अर्धं भात खोताच्या खळ्यावर. वर निरनिराळ्या बाबी आणि वेठ. जी शेती निसर्गाचं घेतलेलं निसर्गाला परत करत होती, तीच शेती माणसाला मात्र पिळून काढत होती. आज 'पारंपरिक शाश्वत शेती'वर छान छान भाषणं होतात, त्यात ही गोष्ट गाळली जाते. गाळू नये.

ती गोष्ट लोकांनीच उलटवली. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबागजवळच्या चरी गावात सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. पंचवीस गावं संपात उतरली. संप १९३९ पर्यंत चालला. एक-दोन महिने नव्हे, सहा वर्षं! शेतकऱ्यानं सहा वर्षं शेत पेरायचं नाही म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच कळेल. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून लोकांनी दिवस काढले. १६ डिसेंबर १९३४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला शेतकरी परिषदेला आले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी त्यासाठी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही, पण १९३९ च्या कुळकायद्याची वाट या रेट्यानं मोकळी झाली, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कुळकायदा व १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन आला. कसेल त्याची जमीन.

माझा आजा संपाच्या वेळी दहा-बारा वर्षांचा होता. त्याच्या आठवणीत भाषणं नव्हती. त्याच्या आठवणीत घरातलं रिकामं कणगं होतं. तो म्हणायचा, "पोरा, सा वर्सं आमी समोरची जमीन नुसती बगत होतो." बत्तीस गुंठे आमच्या नावावर लागले त्या दिवशी तो सातबारा वाचता येत नसताना तासभर हातात धरून बसला होता, असं बाबा सांगायचे.

आता मुद्द्यावर येतो. जमीन कुळाची झाली. पण बाहेरकाठा कोणाचा झाला?

हा प्रश्न कोणी नीट विचारला नाही, आणि माझ्या मते आपल्या खारेपाटाच्या आजच्या दशेचं मूळ इथे आहे. वर्षं क्रमानं बघा. १९४८ मध्ये मुंबई खारजमीन कायदा आला आणि त्यातून खारभूमी विकास मंडळ उभं राहिलं. १९४९ चा खोती निर्मूलन कायदा. १९५५ चा कुलाबा जिल्ह्यापुरता शिलोत्री हक्क निर्मूलन कायदा. १९५७ चा कृषकदिन. आणि १९७९ मध्ये महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा. यातला प्रत्येक कायदा हवा होता, मी एकही परत द्यायला तयार नाही. पण शिलोत्रीदाराचा हक्क गेला तेव्हा त्याच्यावरची दुरुस्तीची जबाबदारीही गेली. ती फिरत फिरत सरकारकडे आली. सरकार म्हणजे अर्ज, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, कार्यादेश.

आणि समुद्र म्हणजे दर पंधरवड्याला उधाण.

या दोन वेळापत्रकांचं जमत नाही. खारात खांड पडली तर पहिल्या दिवशी ती दोन हात रुंद असते. चार माणसं, चिखलाची ढेपं, पेंढा, लाकडं, आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती कमी असताना, एका ओहोटीत काम संपतं. तीच खांड पुढच्या पौर्णिमेपर्यंत राहिली की वीस हात होते, पाणी आत-बाहेर करून खोल खणलं जातं, मग यंत्राशिवाय बुजत नाही. एका वर्षानं तिथे खाडीच तयार होते. शेजारचं खार, त्याच्या शेजारचं खार, सगळं जातं.

पूर्वी हे का होत नव्हतं? खोत-शिलोत्रीदार भले होते म्हणून नव्हे. जोळ होती म्हणून. एका बाहेरकाठ्याच्या आत ज्यांची ज्यांची जमीन, त्यांची मिळून जोळ. बांधाला भोक दिसलं की हाळी द्यायची, आणि प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन यायचा. चिंबोऱ्यांनी बांध पोखरलाय का ते बघायला एक माणूस नेमलेला. न येणाऱ्यानं दंड भरायचा. जमीन कोणाच्या मालकीची ते कागद ठरवत असे, पण बांध कोणी राखायचा ते जोळ ठरवत असे.

जगात हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. गोव्यात खाजन शेती आहे, तिथे उघाडीला मानस म्हणतात आणि बांधांची व्यवस्था गावकारीकडे असायची. केरळात पोक्काळी आहे, पावसाळ्यात खाऱ्याला दाद न देणारं उंच भात आणि नंतर त्याच शेतात कोळंबी. आणि नेदरलँड्स तर अख्खा देशच खारेपाट! तिथे तेराव्या शतकापासून पाणीमंडळं आहेत. बांधाच्या आत ज्यांची जमीन, ते कर भरतात, आपली माणसं निवडून देतात, आणि बांध राखतात. उत्तर समुद्राच्या त्या किनाऱ्यावर जुना दंडक असा होता की आपल्या वाट्याचा बांध दुरुस्त करणं ज्याला झेपत नाही, त्यानं बांधावर आपलं फावडं रोवून निघून जायचं. जो ते फावडं उपसेल त्याची जमीन, आणि त्याचीच बांधाची जबाबदारी. कठोर वाटतं. पण त्यांना एक गोष्ट कळली होती की बांधाशिवाय मालकी हा नुसता कागद आहे. त्यांनी जुनी पाणीमंडळं मोडली नाहीत, त्यांना कायद्याचं बळ दिलं. आपण जोळेला कायद्यात नीट जागा दिली नाही. ती आपोआप विरघळली.

आपोआप? इथे मला माझंही सांगायला हवं.

नोकरी लागली तेव्हा मी शिक्षक म्हणून तालुक्याला राहायला गेलो. पहिल्या वर्षी जोळेची हाळी आली तेव्हा रजा काढून गेलो. दुसऱ्या वर्षी शंभर रुपये पाठवले, माझ्या जागी कोणी मजूर लावा म्हणून. तिसऱ्या वर्षी बाबांना म्हटलं, "आता सरकार करतंय ना बांध, मग आपण कशाला?" बाबा काही बोलले नाहीत, स्वतः फावडं घेऊन गेले. तेव्हा ते साठीच्या पुढे होते. माझ्यासारखे घरटी एक-दोन झाले. कोणी कंपनीत, कोणी बंदरावर, कोणी मुंबईला. शेवटी बांधावर पाच-सहा म्हातारे उरले. बांध फुटला त्या रात्री गावात धडधाकट माणूस नव्हता असं नाही, बांध कोणाचा ते कोणाला ठाऊक नव्हतं. आम्ही अर्ज दिले. अर्जांना पोचपावत्या मिळाल्या. त्या अजून माझ्या फाइलीत आहेत.

म्हणून फक्त सरकारला शिव्या देऊन मी मोकळा होऊ शकत नाही.

फुटलेल्या खाराचं पुढे काय होतं ते ऐका, कारण बाहेरच्यांना हे माहीत नसतं. तीन-चार वर्षांत त्यात तिवरं उगवतात. तिवर चांगलं झाड आहे. माशांची पैदास त्याच्या मुळांत, वादळाचा मार त्याच्या अंगावर. २००५ मध्ये आणि नंतर २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनांना संरक्षण दिलं, ते योग्यच केलं, नाहीतर बिल्डरांनी एक तिवर ठेवलं नसतं. पण खारेपाटातल्या शेतकऱ्याची कोंडी अशी की बांध त्याच्या चुकीनं फुटला नाही, दुरुस्तीचा अधिकार त्याच्याकडे नाही, आणि तिवर उगवलं की ती जमीन त्याला परतही मिळत नाही. सातबारा त्याचा, झाडं संरक्षित, पीक शून्य, भरपाई शून्य. मग तिथे दलाल येतो आणि म्हणतो, "नाहीतरी पडूनच आहे."

हे वाक्य या जिल्ह्यानं पूर्वीही ऐकलंय. नवी मुंबईसाठी जमिनी घेताना आणि न्हावा-शेव्याचं बंदर होताना उरण-पनवेलच्या मिठागरांना आणि भातशेतीला हेच म्हटलं गेलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांची योजना आली. पुढे महामुंबई एसइझेड आलं. पेणच्या बावीस गावांनी सांगितलं की आम्ही हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात आहोत, आमची जमीन पडीक नाही. २१ सप्टेंबर २००८ ला तिथे मतपत्रिकेवर जनमत घेतलं गेलं. जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यानं मत द्यायचं, अशी घटना आपल्या देशात क्वचितच घडली असेल. लोक मोठ्या संख्येनं विरोधात गेले आणि ते एसइझेड झालं नाही. शहापूर-धेरंडच्या लोकांनीही औष्णिक वीज प्रकल्पाच्या वेळी भात, मासे, जिताड्याची तळी असं सगळं उत्पन्न मोजून दाखवलं होतं. 'पडीक' या शब्दाला हिशेबानं उत्तर देता येतं, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

आता पुन्हा वेळ आली आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. मुंबई आमच्या दारात आली. उरण, पनवेल, पेणमधल्या १२४ गावांवर नवनगराची रेघ ओढली गेली आहे. विरार-अलिबाग मार्गिका येते आहे. मी विकासाच्या विरोधात नाही. माझी स्वतःची मुलगी रोज मुंबईला जाते, तिचा वेळ वाचला तर मला आनंदच आहे. पण खारजमीन ही स्पंज आहे हे भराव टाकणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. डोंगरातून येणारं पावसाचं पाणी भरतीच्या वेळी बाहेर जाऊ शकत नाही, ते खारात थांबतं आणि ओहोटीला उघाडीतून जातं. त्या खारावर भराव टाकला की पाणी थांबायला जागा राहत नाही, ते शेजारच्या गावात शिरतं. ज्याच्या प्लॉटमध्ये 'पर्माकल्चर तळं' आहे, त्याचं तळं सुंदर दिसेल. त्याच्या कुंपणापलीकडच्या घराचा ओटा बुडेल.

आणि ३ जून २०२० विसरू नका. निसर्ग चक्रीवादळानं अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या वाड्या एका दुपारी आडव्या केल्या. सुपारीचं झाड फळाला यायला सहा-सात वर्षं, नारळाचंही तसंच. तेव्हा पंचनामे हेक्टरात मोजायला निघाले आणि वाडीवाल्यांचे हिशेब गुंठ्यांत आणि झाडांत होते. टिकाऊ शेतीलासुद्धा पडल्यावर उठायला कोणीतरी हात द्यावा लागतो, हे त्या वर्षी कळलं.

मग करायचं काय? माझ्या अल्पबुद्धीला सुचतं ते तीन मुद्द्यांत लिहितो, पटलं नाही तर खाली वाद घाला.

एक, जोळेला कायद्यानं उभं करा. एका बाहेरकाठ्याच्या आतल्या खातेदारांची निवडलेली समिती, तिच्या हातात लहान दुरुस्तीचा निधी आणि अधिकार. मोठं काम सरकारनं करावं, पण दोन हातांची खांड बुजवायला निविदेची वाट बघायला लागू नये. आणि जो खातेदार येणार नाही, मग तो मुंबईचा फार्महाऊसवाला असो की माझ्यासारखा निवृत्त मास्तर, त्यानं दंड भरावा.

दोन, फुटलेल्या खारांची गावोगाव मोजणी करा. जिथे बांध परत घालता येतो तिथे घाला. जिथे दाट तिवर झालंय तिथे ते राखा, पण खातेदाराला त्या राखणीचा मोबदला दरवर्षी द्या. समुद्र अडवण्याचं काम त्याची जमीन करते आहे. ते फुकट का?

तीन, नवनगराच्या नकाशावर आधी उघाड्या दाखवा, मग रस्ते. कोणत्या गावाचं पाणी कोणत्या उघाडीतून जातं हे ज्या नकाशात नाही, त्यावर ग्रामसभेनं हरकत घ्यावी. हरकत लेखी घ्यावी, आणि पोचपावती घ्यावी. (माझ्या फाइलीचा अनुभव आहे.)

राहिला पुतण्याचा प्रश्न. दलालाच्या कागदावर मी अजून सही केलेली नाही. माझ्या धाकट्या भावाला करायची आहे. त्याच्या मुलीचं शिक्षण आहे, घराचं छप्पर आहे. त्याला 'विकू नको' म्हणण्याचा अधिकार मला वाटत नाही, कारण बाबा फावडं घेऊन एकटे गेले तेव्हा मी तालुक्याला होतो. पण मी त्याला एक मागणं घातलंय. दिवाळीनंतर पाऊस पूर्ण गेला की एका भांगाच्या ओहोटीला, आमच्या बाहेरकाठ्याच्या आत ज्यांची ज्यांची जमीन आहे त्या सगळ्या घरांनी एकदा बांधावर जमायचं. खांड किती आहे, कुठे उथळ आहे, काय लागेल, ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. रीतसर परवानगीसाठी काय करावं लागेल तेही विचारायचं. त्यानंतरही विकावंसं वाटलं तर विकावं.

यादी केली आहे. एकूण एकतीस घरं. काल रात्रीपर्यंत नऊ जणांनी 'येतो' म्हटलंय. त्यात पुतण्या आहे. त्यानं विचारलं, "काका, फावडं आणायचं का?"

आण म्हटलं. आपल्या घरातलं आजाचं अजून आहे, दांडा बदलावा लागेल.

तुमच्या गावात बाहेरकाठा आहे का? कोण राखतं? तुमच्या आजा-आजीनं जोळेबद्दल काय सांगितलं? खाली लिहा. आपल्या शब्दांत, जसं आठवेल तसं लिहा. आणि खारेपाटातल्या आपल्या माणसांपर्यंत ही पोस्ट पोचवा.